हेरकथेचा उत्तररंग



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत हेरकथा आणि चित्रपट यांचे पान मांडलेले पाहून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, आजचा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसला तरी आतून तो साहित्याच्या ऋणाचा प्रश्न आहे. दुसऱ्याने रचलेली गोष्ट आपण घ्यावी, तिचे नवे रूप करावे, ते लोकांना आवडले म्हणून आणखी एक रूप करावे. यात कलेचा भाग किती, व्यापाराचा किती आणि चोरीचा किती, हे आज पाहावयाचे आहे. त्यातही जुन्या नामांकित हेरकथेवरून चित्रपट निघतो, तो चालतो, आणि मग दुसरा भाग काढण्याची वेळ येते, तेव्हा नेमके काय होते, याकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे.

हा प्रश्न वाशिमला विचारण्यात एक औचित्य आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. चौथ्या शतकात येथे राजधानी मांडणारा सर्वसेन हा राजा तर होताच, शिवाय कवीही होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले. ते आज अखंड उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी घेतलेल्या उताऱ्यांतून आणि उल्लेखांतूनच आपल्याला त्याची ओळख होते. परंतु त्यांतला एक उल्लेख फार मोलाचा आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त असा नियम सांगितला की, परंपरेतून आलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल तर कवीने ते खुशाल टाकावे आणि रसाला पोषक असा नवा प्रसंग मध्ये घालावा, कारण नुसती हकिकत सांगणे हे कवीचे काम नव्हे, ते इतिहासाचे काम आहे. या नियमाची उदाहरणे देताना त्याने कालिदासाच्या कृतींबरोबर सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे नाव घेतले. पुढे अभिनवगुप्ताने खुलासा केला की, रुसलेल्या प्रियेची समजूत काढण्यासाठी पारिजात आणण्याचा जो प्रसंग सर्वसेनाने रंगविला, तो इतिहासात तसा आढळत नाही. म्हणजे जुनी कथा नव्या रूपात कशी आणावी याचा दाखला संस्कृत साहित्यशास्त्राने ज्यांच्याकडून घेतला, त्यांत वाशिमचा राजा आहे. मग आपण हा विषय परका का मानावा?

याच गावाचे नाव आणखी एका ग्रंथात येते. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागले, असे त्यात म्हटले आहे. तो उल्लेख आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच ग्रंथात पुढे अकराव्या ते तेराव्या अध्यायांत वाङ्मयीन हरणाचा, म्हणजे उसनवारीचा, सांगोपांग विचार आहे, तो मात्र सहसा कोणी सांगत नाही. राजशेखर मोठा व्यवहारी माणूस. कवी आणि वाणी यांत चोरी न करणारा कोणी नसतो, ज्याला ती लपविता येते तो निभावतो, असा त्याचा रोकठोक अभिप्राय. परंतु तेवढ्यावर न थांबता त्याने उसन्या अर्थाचे प्रकार पाडले. अर्थ सगळा मूळचाच आणि शब्द तेवढे निराळे, तो प्रतिबिंबकल्प. थोड्या संस्काराने मूळ वस्तू वेगळी भासू लागते, तो आलेख्यप्रख्य, म्हणजे चित्रासारखा. विषय भिन्न, पण साम्य इतके की एकच वाटावा, तो तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एकच, पण साजशृंगार पूर्णपणे निराळा, तो परपुरप्रवेशसदृश. योगी जसा आपला प्राण दुसऱ्या देहात घालतो, तसा हा चौथा प्रकार. चित्रपटाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते त्या काळी केलेली ही वाटणी आजही किती उपयोगी पडते, हे आता पाहू.

आधी हेरकथेची अडचण ध्यानात घ्या. रामकथा कितीदाही सांगावी. रावण मरणार हे ठाऊक असूनही माणसे कीर्तनाला बसतात. हेरकथेचे तसे नाही. तिचे सारे भांडवल एका गुपितात असते, आणि ते गुपित एकदाच खर्चता येते. खुनी कोण हे कळले की पुस्तक कपाटात जाते. मग अशा गाजलेल्या पुस्तकावर चित्रपट काढणाऱ्याने करावे काय? शेवट तसाच ठेवला तर वाचकाला तो आधीच ठाऊक. बदलला तर तोच वाचक म्हणतो, हे आमचे पुस्तकच नव्हे. दुसऱ्या भागाच्या वेळी ही अडचण दुप्पट होते. आता प्रेक्षकाला नुसती कथा नव्हे, तर हेरही पाठ झालेला असतो: तो कसा पाहतो, कसा बोलतो, कोठे फसल्याचे सोंग करतो. अशा वेळी शिळ्या कढीला ऊत आणणे सोपे, आणि पुढचे पाढे पंचावन्न होण्याचे भय मोठे.

ही अडचण पहिल्याने भोगली ती खुद्द लेखकाने. आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स 1887 साली अवतरला आणि 1891 पासून ‘स्ट्रँड’ मासिकातल्या गोष्टींनी घरोघर पोचला. लेखक मात्र त्याला इतका कंटाळला की डिसेंबर 1893 मध्ये त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले. वाचकांना ते रुचले नाही. 1901 साली ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, ती होम्सच्या मृत्यूपूर्वीची हकिकत म्हणून. आणि 1903 साली तो मेलाच नव्हता असे सांगून लेखकाने त्याला परत आणला. मधल्या काळात विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने होम्सवर नाटक रचले. नायकाचे लग्न लावून दिले तर चालेल का, असे त्याने तारेने विचारले, तेव्हा लग्न लावा, ठार मारा, वाटेल ते करा, अशा अर्थाचे उत्तर डॉयल यांनी दिले. इतके सैल स्वातंत्र्य फार थोड्या रूपांतरकारांच्या वाट्याला आले असेल.

चित्रसृष्टीने त्या स्वातंत्र्याचा उपयोग कसा केला पाहा. 1939 साली बेसिल रॅथबोन यांना होम्सच्या भूमिकेत घेऊन ‘हाउंड’वर चित्रपट निघाला. तो चालताच त्याच वर्षी दुसरा भाग आला, आणि त्याचा आधार म्हणून जिलेटचे नाटक सांगितले गेले. 1942 साली दुसऱ्या कंपनीने हीच नटजोडी उचलली, पण घोडागाडी आणि गॅसचे दिवे टाकून होम्सला थेट महायुद्धाच्या काळात आणून ठेवले. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर घडणाऱ्या, 1917 साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेचा धागा घेऊन त्याला नाझी हेरांच्या मागावर धाडले. 1946 पर्यंत अशा मालिकेचे एकूण 14 चित्रपट झाले. येथे एक गोष्ट दिसून येते. कथा टाकली, काळ टाकला, तरी प्रेक्षक तुटला नाही. कारण हेर आणि त्याचा सोबती यांची जोडी शाबूत होती. लोक दुसऱ्या भागाला येतात ते कोडे सुटावे म्हणून नव्हे, तर कोडे सोडविणारा पुन्हा भेटावा म्हणून. अलीकडे 2009 साली होम्सवर जो इंग्रजी चित्रपट निघाला, त्याची कथा डॉयल यांची नव्हती. पण 2011 साली दुसरा भाग काढताना चित्रपटकार पुस्तकाकडे वळले आणि त्यांनी 1893 सालचा तोच धबधबा शेवटी उभा केला. पहिल्या भागात लेखकापासून दूर जाता येते. दुसऱ्या भागात बहुधा त्याच्या दाराशी यावे लागते.

अगाथा ख्रिस्ती यांच्या पायरोचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘ओरिएंट एक्सप्रेस’वरचा नवा चित्रपट 2017 साली आला, नाईल नदीवरचा 2022 साली आला, आणि 2023 साली तिसऱ्या चित्रपटासाठी 1969 सालची एक दुय्यम समजली जाणारी कादंबरी निवडून तिची सारी घडामोड इंग्लंडातल्या खेड्यातून व्हेनिस शहरात हलविली. राजशेखराचा परपुरप्रवेश येथे अक्षरशः घडला! दुसऱ्याच्या पुरात प्रवेश झाला आणि मूळ धागा तेवढा राहिला. गाजलेल्या पुस्तकापेक्षा विस्मरणात गेलेले पुस्तक रूपांतराला सोयीचे, कारण त्याचे गुपित अजून बऱ्याच जणांकडून खर्चलेले नसते.

आता आपल्याकडे वळू. 1962 साली हेमंतकुमार यांनी निर्माण केलेला आणि बिरेन नाग यांनी दिग्दर्शित केलेला ‘बीस साल बाद’ हा हिंदी चित्रपट ‘हाउंड’वरून बेतलेला होता. इंग्लंडातल्या ओसाड माळाच्या जागी हवेली आणि दलदल आली, कुत्र्याच्या भुंकण्याच्या जागी रात्रीच्या अंधारातले गाणे आले, आणि खुनाचा हेतू वारसाहक्काचा न राहता सुडाचा झाला. पूर्वजाने केलेल्या अत्याचाराचे पाप मूळ कादंबरीत दंतकथा म्हणून येते. हिंदी चित्रपटाने तेच कथेच्या गाभ्याशी नेले. जमीनदारी नुकतीच मोडलेल्या देशात तो बदल रसाला धरूनच होता, आणि आनंदवर्धनाने त्याला मान डोलाविली असती. पण एक बदल मात्र दूरगामी ठरला. होम्स गेला. हेर अगदीच नाही असे नव्हे. असित सेन यांचा गोपीचंद जासूस आहे, पण तो हशा पिकविण्यासाठी. ज्या नायकाने नायिकेबरोबर गाणी म्हणावयाची, त्याने पाइप ओढीत राखेची परीक्षा करीत कसे बसावे?

परिणाम असा झाला की, चित्रपट गाजला तरी त्याला खरा दुसरा भाग उरला नाही. गुपित संपले होते आणि हेर नव्हताच. मग 1964 साली तेच निर्माते, तेच दिग्दर्शक, तीच विश्वजित आणि वहीदा रेहमान यांची जोडी ‘कोहरा’ घेऊन आली. आधार मात्र दाफ्ने द्यू मोरिए यांच्या ‘रिबेका’ या कादंबरीचा. हाही एक प्रकारचा दुसरा भागच, परंतु पात्रांचा नव्हे, धुक्याचा! विषय भिन्न, पण तोंडवळा इतका सारखा की दोघे भाऊ वाटावेत. राजशेखराचा तुल्यदेहितुल्य तो हाच. 1965 साली आपले राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला, मास्टर विनायकांची कन्या नंदा हिची भूमिका असलेला ‘गुमनाम’ ख्रिस्ती यांच्या 1939 सालच्या कादंबरीवरून आला. मूळ कादंबरीत बेटावर गेलेल्यांपैकी कोणी परत येत नाही. हिंदी चित्रपटात नायक-नायिका वाचतात. असा बदल नाट्यरूपांतर करताना ख्रिस्ती यांनी स्वतःही केला होता, म्हणून त्याचा दोष एकट्या मुंबईला देता येणार नाही.

मराठीची हकिकत याहून वेगळी आणि काहीशी अभिमानाची आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 1964 साली ‘पाठलाग’ काढला. काशिनाथ घाणेकर त्यात वकील आहेत, आणि ज्या स्त्रीविरुद्ध ते न्यायालयात उभे राहतात तिचा चेहरा त्यांच्या मृत पत्नीशी हुबेहूब मिळतो. येथे बाहेरचा हेर नाही; शोधही त्यांचाच आणि जखमही त्यांचीच. ही कथा 1965 साली तमिळमध्ये गेली, 1966 साली राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ म्हणून आणली. म्हणजे मराठी कादंबरीतले रहस्य दोन भाषांत फिरून आले. राजशेखराच्या मापाने हे आलेख्यप्रख्य: तीच वस्तू, निराळ्या रंगांत. मात्र ‘पाठलाग’लाही दुसरा भाग संभवत नव्हता. ज्याचे रहस्य त्याच्याच संसारात दडलेले, त्याला नवे रहस्य द्यावयाचे तर संसार पुन्हा मोडावा लागतो.

मग ज्यांच्याकडे हेर होता, त्यांचे काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी वाचनालयाच्या रांगेत उभे राहून आणि शाळेच्या पुस्तकात दडवून ओळखीची करून घेतली. मालिकेला जे लागते ते, म्हणजे ठरलेला नायक, ठरलेला सोबती आणि ओळखीचा प्रवेश, अर्नाळकरांकडे उदंड होते. तरीही होम्सप्रमाणे एकामागून एक भाग निघून पडद्यावर स्थिरावलेला मराठी हेर आपल्याला दाखविता येत नाही. कागदावर हजार भाग आणि पडद्यावर ही वाण! अर्नाळकर 1996 साली वारले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे 2056 अखेरपर्यंत त्यांच्या कथा वारसांच्या संमतीनेच घ्याव्या लागतील. ही अडचण मानू नये. संमती मागावयाची तर आधी पुस्तक वाचावे लागते, आणि पुस्तक शोधावे लागले तरच ते जिवंत राहते.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे भाग्य थोडे बरे. फुरसुंगीच्या या बनेश फेणेवर त्यांनी सुमारे वीस पुस्तके लिहिली. 1980 नंतरच्या दशकात सुमीत राघवन यांना घेऊन त्यावर दूरदर्शन मालिका झाली, आणि 2017 साली आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखाली अमेय वाघ यांनी तो मोठ्या पडद्यावर आणला. चित्रपटकारांनी शाळकरी फेणेला तरुण केले, पुण्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसविले आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराशी त्याची गाठ घातली. पुस्तकांत नसलेले हे प्रकरण. पण चपळाई, जिभेचे ते ‘ट्टॉक’ आणि अन्याय दिसला की स्वस्थ न बसणे हे सारे राखले. विशेष म्हणजे भा. रा. भागवत हे एक पात्र म्हणून चित्रपटात येतात आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर करतात. ऋण लपविण्याऐवजी धनकोलाच घरात बोलावून मानाचे पान देण्याचा हा प्रकार मला फार सुसंस्कृत वाटतो. राजशेखर म्हणतो, लपवील तो निभावेल. येथे न लपविताही निभावले.

दुसऱ्या भागाचे एक उत्तम उदाहरण मात्र आपल्याच पुण्याशी बांधलेले आहे, आणि ते बंगालीतले आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 1932 साली ब्योमकेश बक्षी हा सत्यान्वेषी निर्माण केला. 1938 साली ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास मुंबईस आले. त्याआधीच ब्योमकेशच्या कथा थांबल्या होत्या, आणि जवळजवळ पंधरा वर्षे त्या थांबूनच राहिल्या. 1951 च्या सुमारास ‘चित्रचोर’ या कथेने त्यांनी त्याला परत आणले, आणि 1952 साली चित्रपटांचा धंदा सोडून ते पुण्यास स्थायिक झाले. त्यानंतरच्या कित्येक ब्योमकेशकथा, ज्यांच्यासाठी कलकत्त्याचे वाचक वाट पाहत, त्या पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. 1970 साली त्यांचे निधन झाले. आता मौज पाहा: 2010 साली अंजन दत्त यांनी ब्योमकेशवर बंगाली चित्रपट काढला, आणि 2012 साली त्याचा दुसरा भाग ‘आबार ब्योमकेश’, म्हणजे ‘पुन्हा ब्योमकेश’, या नावाने आणला तेव्हा कथा निवडली ती ‘चित्रचोर’. लेखकाने ज्या कथेने आपल्या हेराला दुसरा जन्म दिला, तीच चित्रपटाच्या दुसऱ्या भागाला आधार झाली. ब्योमकेशला हे सोसते, कारण त्याच्या लेखकाने त्याला लग्न दिले, मूल दिले, वय दिले. तो कोड्याबरोबर संपत नाही, कोड्याबाहेर जगतो.

सत्यजित राय यांनी स्वतःच्याच फेलूदावर ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट 1974 साली काढला, तेव्हा पुस्तकात शेवटपर्यंत राखलेले गुपित त्यांनी प्रेक्षकांना लवकरच सांगून टाकले. वाचकांना शेवट ठाऊक आहे हे त्यांनी गृहीत धरले आणि ‘कोण’ या प्रश्नाच्या जागी ‘आता कसे’ हा प्रश्न ठेवला. 1979 सालच्या ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये तर खलपुरुष समोर बसून बोलतो, आणि भय त्याच्या गोड वाणीचे वाटते. आपल्या कीर्तनात नेमके हेच होते. वस्त्रे पुरविली जाणार हे साऱ्या सभामंडपाला ठाऊक असते, तरी द्रौपदीने हाक मारली की श्वास रोखले जातात. कीर्तनाचे दोन भाग असतात: पूर्वरंगात सिद्धान्त मांडावयाचा आणि उत्तररंगात परिचित आख्यानाने तो प्रचितीस आणून द्यावयाचा. पूर्वरंगाशी नाते नसलेला उत्तररंग रंगत नाही, आणि पूर्वरंगच पुन्हा म्हटला तर श्रोते उठून जातात. हेरचित्रपटाच्या दुसऱ्या भागालाही हीच कसोटी लावावी.

या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. दुसरा भाग गुपितावर उभा राहत नाही, माणसावर उभा राहतो. म्हणून ज्यांनी पहिल्याच भागात हेराला घालवून दिले, त्यांना पुढे धुके तेवढे उरले. बदल करण्याचा अधिकार रूपांतरकाराला आहे, पण तो रसासाठी. नटाच्या सोयीसाठी किंवा तिकिटासाठी केलेला बदल सर्वसेनाच्या पंगतीत बसत नाही. आणि तिसरी गोष्ट ऋणाची. साठ वर्षांपूर्वी मूळ लेखकाचे नाव आडोशाला ठेवणे कित्येकांना गैर वाटत नसे. आज तशी सबब उरलेली नाही. ज्याची गोष्ट घेतली त्याचे नाव मोठ्या अक्षरांत सांगितल्याने चित्रपटाचे काही उणे होत नाही. उलट प्रेक्षकातला एखादा त्या नावाचे पुस्तक शोधीत वाचनालयात येतो.

सर्वसेनाचे ‘हरिविजय’ नष्ट झाले, याची खंत आपण वाशिमकरांनी बाळगावी तितकी थोडीच. ते टिकले नाही, पण दुसऱ्यांनी प्रामाणिकपणे त्याचे नाव घेतले, म्हणून सोळाशे वर्षांनंतरही त्या राजाचे कवित्व आपल्याला ठाऊक आहे. आनंदवर्धनाने नुसता विचार घेतला असता आणि नाव गाळले असते, तर वत्सगुल्माच्या कवीचा पत्ता कोणत्या हेराला लागला असता? आपल्या गावच्या वाचनालयात कव्हर फाटलेली, पाने पिवळी पडलेली एखादी रहस्यकथा असेल, तर ती रद्दीत देण्यापूर्वी एवढे आठवावे. नामोल्लेख हीच पुष्कळदा पुस्तकाची शेवटची संरक्षक भिंत असते, आणि ती बांधणे चित्रपटकाराच्या इतकेच वाचकाच्याही हाती आहे.